शेडमागचा शेवगा

अप्पा, परवा अक्कांनी आमच्या शेडमागच्या शेवग्याच्या शेंगा तोडल्या आणि आमटीसाठी घरी नेल्या. तेव्हापासून तुम्हाला हे सांगावं असं मनात घोळतंय. आता शेड कसली, शेवगा कुठला, अक्का कोण, यातलं तुम्हाला काहीच ठाऊक नाही. तुम्ही गेलात तेव्हा वाळूजच्या त्या बाजूला ज्वारी उभी असायची आणि मी नुकतीच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागले होते. आता मी निवृत्त झालेय, जिना चढताना गुडघे बोलतात, शहराचं नावसुद्धा बदललं, आणि या वयात मी रोज सकाळी वाळूजला जाते. तिथं जुन्या चुंबकांतून धातू काढतो आम्ही. तुम्ही जुन्या जरीतून चांदी काढायचात, तसंच काहीसं. म्हणून आधी तुमच्याच धंद्यापासून सुरुवात करते, म्हणजे पुढचं तुम्हाला परकं वाटणार नाही.

तुमची हाक अजून कानात आहे. ‘जुनीऽ जर, जरीचा कपडाऽ’ यातला ‘जर’ तुम्ही असा लांबवायचात की गल्लीतली कुत्रीही मान वर करायची. तुम्ही सांगायचात की निजामाच्या राज्यावरच्या पोलीस ॲक्शननंतर जहागिऱ्या गेल्या, तशा मोठमोठ्या घरांतल्या पेट्या उघडल्या. शेरवान्या, किनखाबाचे अंगरखे, जड पदरांच्या पैठण्या, सगळं मागच्या दारानं बाहेर येऊ लागलं. पुढच्या दारानं विकायची त्या घरांना लाज होती, आणि तुम्ही ती लाज ओळखून होता. मागच्या दारी उभं राहायचं, आवाज खाली ठेवायचा, कपडा उजेडात धरून दोष काढायचा नाही. आणि सौदा झाला की कात्री काढून पदराची बोटभर पट्टी कापायची आणि विकणाऱ्या बाईच्या हातात परत द्यायची. असं का, म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणालात, ‘माझ्या बापानं केलं म्हणून मी करतो.’ एवढंच. काही जणी ती पट्टी कपाळाला लावायच्या. एका बेगम साहेबांनी ती तुमच्या अंगावर भिरकावली होती. तुम्ही उचलून घडी घातलीत आणि सलाम करून निघालात. ती पट्टी धूपछाँव होती, हलवली की जांभळी, थांबवली की निळी. तुम्हाला ती जाळवेना. मी बी.एस्सी.ला गेले तेव्हा ती तुम्ही मला दिलीत. ‘हिला कुणी मालक नाही, तुझ्याकडं राहू दे,’ म्हणालात. माझ्या पाकिटात ती अजून आहे.

अंगणातली भट्टी मला आजही समोर असल्यासारखी दिसते. तुम्ही उकिडवे बसला आहात, लोखंडी कढईत जरीच्या चिंध्या पेटल्या आहेत, रेशीम जळताना केस जळाल्यासारखा वास येतो आहे. धूर आधी वर जातो आणि मग मन बदलल्यासारखा घरात येतो. आई पदर नाकाला लावून भाकरी थापते आहे. राख चाळून चांदीचे काळपट पापुद्रे निघाले की तुम्ही ते सराफ्यात मुशीत वितळवून घ्यायला जायचात आणि येताना आमच्यासाठी गरम इमरती आणायचात. आईचा खोकला आधी हिवाळ्यापुरता होता. मग तो उन्हाळ्यातही राहू लागला. डॉक्टरांनी तुमच्याकडं न बघता विचारलं, ‘घरात धूर असतो का?’ त्या संध्याकाळी तुम्ही जेवला नाहीत.

मग साबणवाल्याकडून तुम्ही ती युक्ती आणलीत. चुना आणि धुण्याचा सोडा एकत्र उकळायचा, वरचं निवळ पाणी काढून घ्यायचं आणि त्यात चिंध्या सोडायच्या. रेशीम साखरेसारखं विरघळतं, चांदी तळाशी बसते. पहिल्या दिवशी तुम्ही आईला हात धरून अंगणात आणलंत.

‘बघ. धूर हाय का कुठं?’

‘धूर नाही,’ आई म्हणाली, ‘पण हाताची सालं निघाली ती बघा की.’

‘सालं येतात परत. तू खोकू नको म्हणजे झालं.’

धंद्यातले बाकीचे लोक तुम्हाला हसले. एका दिवसाच्या कामाला चार दिवस लावतो, जरीची खीर शिजवतो म्हणाले. तुम्ही ऐकलं नाहीत. आईचा खोकला खरंच उतरला, आणि मी तुमच्याकडं अशी बघत होते जशी पुढं मोठमोठ्या शास्त्रज्ञांच्या फोटोंकडंही कधी बघितलं नाही. कढईतलं उरलेलं पाणी तुम्ही रोज मोरीत ओतायचात. त्यात वाईट ते काय, पाणीच होतं, वासही नव्हता.

आमच्या आणि शेजारच्या खालाच्या घरात मिळून एक आड होता, आठवतं ना? मोरी त्याच्या अंगावरून जायची आणि तिला आतून तडा होता. आधी काय झालं, तर आईची डाळ लवकर शिजायला लागली. तिला केवढा आनंद! ‘यंदाची तूर चांगली आहे,’ असं ती गल्लीभर सांगत होती. मग पाणी बोटांना बुळबुळीत लागायला लागलं. मग खालाच्या डाळिंबाची पानं कडेनं करपली. त्या झाडाची डाळिंबं ती दर वर्षी मोजून आपल्या घरी पाठवायची. महिना-दीड महिन्यात झाड वाळून उभं राहिलं. खाला आडाच्या काठावर येऊन उभी राहिली, हातात ती डाळ शिजवणाऱ्या पाण्याची कळशी. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. तिनं नेहमीच्याच आवाजात विचारलं:

‘भाईसाब, धुआँ था तो आँखाँ में जाता था. अब पानी में गया तो पेट में जाइंगा. इसमें तुम अच्छा क्या किये, मेरे कू समझाव.’

तुम्ही आड उपसलात, मोरीचा तडा चुन्यानं बुजवलात, आणि आडाचं पाणी पुन्हा पिण्यासारखं होईपर्यंत नळावरून घागरी वाहिल्यात, आधी खालाच्या घरच्या, मग आपल्या. कढईतलं पाणी त्यानंतर पुन्हा कधी मोरीत गेलं नाही. ते मडक्यांत भरून तुम्ही साबणवाल्याला नेऊन द्यायला लागलात. तो म्हणाला, ‘रेशमाचा साबण! नवाबाला पाठवू का?’ तुम्ही म्हणालात, ‘नवाब राह्यलेत कुठं? धोब्याला दे.’ धोबीण मात्र सांगायची की या साबणानं हात फुटत नाहीत. खालाच्या अंगणात तुम्ही दुसरं डाळिंब लावलंत, ते काही लागलं नाही. तिनं तुम्हाला माफ केलं होतं. तुम्हाला ते पटलं नव्हतं, एवढंच.

त्याचा ताप पुढं मला झाला. कॉलेजात शिकलेलं मी घरी येऊन सांगायचे. एकदा कसलासा निळा साका कसा पाडला ते मी रंगवून सांगत होते. तुम्ही मध्येच विचारलंत, ‘आन् उरलेलं?’

‘बेसिनमध्ये ओततो.’

‘बेसिन कुठं जातं?’

‘पाइपात.’

‘पाइप कुठं जातो?’

‘अप्पा, मी काय नळवाली आहे का?’

‘मग अर्धंच शिकवतात तुम्हाला,’ म्हणालात आणि पान लावायला घेतलंत. मी तेव्हा चिडले होते.

आता वाळूजचं. माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे, हुशार, तोंडाची फटकळ, कारखान्यात मोठ्या पगारावर होती. ती दोन वर्षांपूर्वी घरी आली आणि टेबलावर एक काळसर चकती ठेवून म्हणाली, ‘मॅडम, ही काढून दाखवा.’ लोखंडी टेबल होतं, चकती निघेना. तुमच्या काळात असं चुंबक नव्हतं, अप्पा. आता ते पंख्यात, मोबाइलमध्ये, विजेवरच्या रिक्षात, पवनचक्कीत, सगळीकडं आहे, आणि त्याचा जोर येतो निओडिमियम नावाच्या धातूमुळं. अशा पंधरा-सतरा भावंडांना मिळून दुर्मिळ मृदा धातू म्हणतात. दुर्मिळ म्हणायचं म्हणून. मातीत ते बऱ्याच ठिकाणी असतात, फक्त विखुरलेले. शालूसारखं समजा, कापड ढीगभर आणि चांदी चिमूटभर. ती चिमूट काढण्यासाठी कुठं कुठं डोंगर सोलून काढतात, उतारांना भोकं पाडून क्षारांचं पाणी ओततात. त्या पाण्यातलं काही धातू घेऊन हौदात येतं आणि काही खालच्या लोकांच्या विहिरीत जातं. काही प्रकारच्या वाळूतून काढलं तर सोबत किरणोत्सारी गाळ निघतो, तो पिढ्यान्‌पिढ्या राखत बसायचा. धूर नसलेल्या गाड्या बनवायच्या म्हणून हे सगळं चाललेलं असतं. वाचताना मला खालाची कळशी आठवायची.

पण बरेच लोक दुसऱ्या वाटा शोधतायत, आणि हे मी आनंदानं लिहिते. कुणी मातीतून वीज सोडून धातू एका बाजूला गोळा करून बघतंय, म्हणजे क्षार कमी लागतात. कुणी नेच्याच्या जातीची झाडं लावतंय, ती मुळांनी धातू ओढून घेतात, मग त्या झाडांची राख करायची. आमची वाट, म्हणजे मी आणि त्या विद्यार्थिनीनं मिळून घातलेली ही शेड, त्यातली लहानशी आहे. जमिनीतून एकदा निघालेलंच पुन्हा काढायचं. जळालेल्या मोटरी, मोडके स्पीकर, कारखान्यात नापास झालेली चुंबकं. तेजाबात टाकली तर काही तासांत विरघळतील, पण मग तेजाबाच्या वाफा आणि तेजाबाचं पाणी. आम्ही साखर कारखान्यातली मळी आणतो आणि तिच्यावर एक प्रकारचे जंतू वाढवतो, विरजण लावल्यासारखे. ते मळी खाऊन सौम्य आंबट पाणी तयार करतात. चुंबकाचा भुगा त्यात दिवसेंदिवस मुरतो. मग गाळून, लोखंड वेगळं करून, शेवटी एक आम्ल घातलं की तळाशी फिकट साका बसतो. तोच आपला धातू. वेळ लागतो. विद्यार्थिनीला शेजारच्या शेडमधले विचारतात, ‘काय मॅडम, लोणचं मुरलं का?’ जरीची खीर म्हणणाऱ्यांचीच ही नातवंडं असावीत.

शेडच्या मागं नाला आहे आणि नाल्यापलीकडं अक्कांचं शेत. त्यांच्या घरी पूर्वी शेरडं-मेंढरं होती, आता शेत आहे आणि दोन मुलगे शिफ्टच्या बसनं कारखान्यात जातात. फार पूर्वी तिथं एक कारखाना होता, कधीच बंद पडला. त्याचं पाणी नाल्यात यायचं आणि अक्कांची विहीर तेव्हा पिवळी पडली होती. कळपातली जनावरंही त्या पाण्यानं गेली. विहीर आता कुठं निवळली आहे. आम्हाला ग्रामपंचायतीची संमती हवी होती, ती नसती तर शेड बंद. आणि पंचायतीत सगळे अक्कांकडं बघणार, हे पहिल्या दिवशीच कळलं. म्हणून विद्यार्थिनीनं त्यांना शेड बघायला बोलावलं. आत ट्यूबलाइटखाली काचेच्या ताटलीत साका दाखवला, निळसर. अक्कांनी नीट बघितला आणि म्हणाल्या, ‘भाईर उजेडात आना.’ बाहेर उन्हात तोच साका गुलाबी जांभळा दिसायला लागला. त्या धातूचा तो स्वभावच आहे, पण अक्कांचा चेहरा बदलला.

‘आत निळं, भाईर गुलाबी. व्हय मॅडमबाई, तुमचं पाणी बी आत एक आन् भाईर एक असंल की.’

मग मी पाकिटातून तुमची पट्टी काढली. उन्हात हलवली, जांभळी. स्थिर धरली, निळी. अक्कांनी ती बोटांत फिरवली, उलटी करून मागचे धागे बघितले. त्यांच्या आजीच्या लुगड्याचा काठ असा होता म्हणाल्या. मग परत देऊन म्हणाल्या, ‘कापडाचं पटलं. आता पान्याचं सांगा.’

पाण्याचं खरं तर सांगण्यासारखं होतं. आमचं पाणी शुद्ध करून नाल्यात सोडायचं असं ठरलं होतं. तपासून घेतलं होतं, नियमात बसत होतं. विद्यार्थिनी आकडे घेऊन तयार होती. मी तिला विचारलं, ‘नाला कुठं जातो?’

‘मॅडम, व्हायवा घेताय का? नियमापेक्षा स्वच्छ आहे ते पाणी.’

‘मग आपणच परत वापरू. एवढं स्वच्छ आहे तर.’

‘त्याला वेगळी टाकी, वेगळी गाळणी, सगळी जुळवाजुळव परत. आपल्या धातूची वाट बघणारे मोटरवाले थांबणार नाहीत.’

ते थांबले नाहीतच. पहिलं काम हातचं गेलं आणि ती माझ्याशी आठवडाभर कामापुरतंच बोलली. तिची बाजू चूक नव्हती. नोकरी तिनं सोडली होती, मी तर पेन्शनवर आहे. मी तिला त्या आठवड्यात तुमची गोष्ट सांगितली, कढई, आड, डाळ, डाळिंब, सगळी. तिनं ऐकून घेतली आणि इतकंच विचारलं, ‘डाळ खरंच लवकर शिजायची?’ दुसऱ्या दिवशी ती टाकीचं माप घ्यायला लागली. आता तेच पाणी फिरून फिरून वापरतो. लोखंडाचा तांबूस गाळ रंगवाला नेतो. थोडा क्षाराचा चोथा मात्र उरतो. तो वाळवून पिंपांत भरून शेडमध्येच कुलुपात ठेवलाय. त्याचं काय करायचं ते अजून पुरतं सुटलेलं नाही, पण काही सुचतंय. तुम्हाला साबणवाला भेटला तसा आम्हालाही कुणी भेटेल.

अक्कांना हे सगळं दाखवलं. मी म्हटलं, मागच्या भिंतीला, टाकीच्या अगदी खाली, एक झाड लावू. थेंब जरी गळला तरी आधी त्याला कळेल. मी डाळिंबाचं रोप घेऊनच गेले होते. अक्का खो-खो हसल्या.

‘डाळिंब? त्याला तेल्या पडतो. उद्या झाड गेलं तर तुम्ही म्हनताल रोगानं गेलं, आन् मी म्हनंन तुमच्या पान्यानं. भांडत बसायचं का मग? शेवगा लावा. शेवगा कशानं मरत नाय. त्यो मेला तर मंग तुमीच मारला.’

शेवग्याची फांदी त्यांनीच आणून रोवली. पंचायतीत त्या हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. ‘झाड बघू’ म्हणाल्या, आणि पंचायतीनं वर्षभराची मुभा दिली. तेव्हापासून दर काही दिवसांनी त्या नाला ओलांडून यायच्या, शेवग्याचं पान चुरगळून वास घ्यायच्या, आमच्याकडं न बघता परत जायच्या. विद्यार्थिनी म्हणायची, ‘आल्या आपल्या इन्स्पेक्टर.’ झाड वाढलं. फुलं आली, गळली, आमचे जीव टांगणीला. अक्का म्हणाल्या, पहिली गळतातच. मधल्या काळात एका लहान मोटर बनवणाऱ्यानं आमच्या धातूचं चुंबक करून बघितलं आणि ते चाललं. त्याची रिक्षा आता शहरात फिरते. क्रांती चौकात एखादी विजेची रिक्षा आवाज न करता शेजारून गेली की मी उगाच वळून बघते.

आणि परवा अक्का आल्या त्या आकडी घेऊन. पान चुरगळलं नाही, वास घेतला नाही. सरळ शेंगा ओढल्या, ओच्यात भरल्या. मी म्हटलं, ‘अक्का, तपासून तरी घेऊ आधी.’ त्या म्हणाल्या, ‘तुमी घ्या तपासून. मला सांजच्याला आमटी करायचीय, नातू वाट बघतोय.’ काल पंचायतीच्या संमतीचा कागदही आला, पण आमचा निकाल परवाच लागला होता. तुमच्या पद्धतीप्रमाणं त्यातली एक शेंग त्यांनी माझ्या हातात परत दिली. असं का, ते मी विचारलं नाही.

ही एवढी एक शेड म्हणजे काही डोंगर वाचले असं मी म्हणणार नाही. पण अशा आणखी दोन शेड उभ्या राहतायत, एक पैठणच्या बाजूला, आणि दोन्हीकडच्या मुली पाणी कसं फिरवायचं ते बघायला आमच्याकडं येतात. मी त्यांना आधी शेडमागं नेते, मग आत.

हे कुठं पाठवायचं, ते मला माहीत नाही. आपल्या जुन्या घराच्या जागी आता कपड्याचं दुकान आहे. आई तुमच्यानंतर बरीच वर्षं होती, शेवटपर्यंत खोकली नाही. तिला जे कधी सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते आणि थांबते. आमच्या शेडमध्ये धूर नाही, वाफ नाही, मळीचा गोडसर वास सोडला तर काही नाही, आणि तसंच असायला हवं. पण अप्पा, त्या जळत्या रेशमाचा वास मला फार आवडायचा. तो आला की मला माहीत असायचं, संध्याकाळी तुम्ही इमरती आणणार. अजूनही कुठं केस जळाल्याचा वास आला की मला भूक लागते.